फेणीचा गराफांव, सलाईनची नळी आणि चुन्याची निवळी: रीफ टँकला घरगुती कॅल्शियम ड्रिप

खारवा, पर्वरी (२ मे)

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून घरी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. टाकी आणि खालचा संप (तिला जोडलेली छोटी टाकी) धरून, दगडांची जागा वजा केली तर निव्वळ पाणी १६० लिटर. मशरूम आणि झोअँथिड ही मऊ प्रवाळं, दोन क्लाउनफिश, थोड्या शंखगोगलगायी, दगडांवर गुलाबी कोरलाइन शैवालाचा जाड थर आणि संपमध्ये हॅलिमेडा या हिरव्या शैवालाचं रान.

"टणक प्रवाळ नाही तर कॅल्शियम कशाला घालायचं?" असं दुकानात ऐकलं होतं, आणि वर्षभर मीही तेच धरून चाललो. मग हॅलिमेडाची नवी पानं येईनात, कोरलाइन फिकट पडलं. तीन दिवस काहीही न घालता रोज रात्री ९ वाजता अल्कलिनिटी (कॅल्शियमसोबत खर्च होणारा पाण्यातला कार्बोनेटचा साठा) मोजली. ८.४ वरून ६.६ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक). म्हणजे रोज ०.६. हॅलिमेडा आणि कोरलाइन दोघंही आपलं अंग कॅल्शियम कार्बोनेटचंच बांधतात, तेव्हा हा खप त्यांचाच.

मोजून मात्रा सोडणारा डोसिंग पंप घ्यायचा विचार होता. पण आमच्याकडे जूनपासून वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि चांगल्या पंपाच्या किमतीत माझा सगळा संप झाला होता. म्हणून चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायचं ठरवलं. जर्मन लोक कालकवासर म्हणतात ते हेच, शब्दाचा अर्थही चुन्याचं पाणी. तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन, फार्मसीतून आणलेला सलाईन सेट, थोडं सिलिकॉन. सेटवर २० थेंबांना १ मिली असं छापलेलं असतं, त्यामुळे हिशोब सोपा.

अडचण दोन ठिकाणी आली. सकाळी मिनिटाला १४ थेंब लावले तर संध्याकाळी ५ पडत असतात. आणि १९ एप्रिलच्या रात्री नळीवरचा चाकाचा चिमटा सैल झाला. सकाळपर्यंत दीड लिटर निवळी टाकीत. पाणी दुधासारखं, पीएच ८.८, हॅलिमेडाचे तीन मोठे झुपके पांढरे पडून मेले. मासे वाचले. त्या सकाळी टाकीसमोर बसून मला फार वाईट वाटलं. ते झुपके मी एका काडीपासून वाढवले होते.

धार दिवसभर एकसारखी कशी ठेवायची, आणि चिमटा पुन्हा सुटला तरी टाकी कशी वाचेल, हे दोन प्रश्न आहेत.

दक्षिणवारा, मडगाव (२ मे)

मी शाळेत रसायन आणि भौतिक शिकवतो, टाकी छोटी आहे पण तुमची अडचण ओळखीची.

कॅनमधली पातळी उतरली की धारेचा जोर उतरतो. चिमटा कितीही चांगला असला तरी हे होणारच. यावर ३०० वर्षांहून जुना उपाय आहे, मारियोतची बाटली. एडमे मारियोत हा १७ व्या शतकातला फ्रेंच शास्त्रज्ञ. ज्याला आपण बॉइलचा नियम म्हणून शिकतो त्याला फ्रान्समध्ये मारियोतचा नियम म्हणतात.

बाटली हवाबंद हवी. बुचातून दोन नळ्या आत जातात. एक निवळी बाहेर नेणारी, ती सायफनसारखी चालते. दुसरी हवेची, वरचं टोक उघडं आणि खालचं टोक बाटलीच्या तळाजवळ. निवळी बाहेर पडली की वरच्या पोकळीत ओढ तयार होते आणि हवा त्या नळीतून खाली येऊन बुडबुड्यांनी आत शिरते. त्यामुळे हवानळीच्या खालच्या टोकाशी दाब कायम बाहेरच्या हवेइतकाच राहतो. धारेचा जोर ठरतो तो या टोकापासून सलाईनच्या नळीच्या शेवटच्या टोकापर्यंतच्या उंचीवर. वर किती पाणी उरलंय याचा संबंधच तुटतो. पाणी हवानळीच्या टोकाखाली जाईपर्यंत धार तीच.

तेलाचा कॅन मात्र चालणार नाही. आतल्या ओढीने त्याच्या भिंती पिचकतात, आणि पिचकलेला कॅन म्हणजे पुन्हा बदलता दाब. काचेचं काहीतरी बघा.

खारवा, पर्वरी (३ मे)

सर, काचेचं म्हटल्याबरोबर माळ्यावरचा गराफांव आठवला. बाहेरच्या वाचकांसाठी: गोव्यात फेणी साठवायला जी पोटाळ, अरुंद गळ्याची काचेची मोठी बाटली वापरतात तो गराफांव. आजोबांचा आहे, ५ लिटरचा. तीन वेळा गरम पाण्याने धुतला तरी काजूचा वास जाईना, शेवटी दोन दिवस सोड्याच्या पाण्यात भरून ठेवला तेव्हा गेला. दोन भोकांचं रबरी बूच प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळालं. करून सांगतो.

निवटी, सावंतवाडी (३ मे)

एक शंका. बाहेरची हवा बुडबुड्यांनी निवळीतूनच जाणार. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते हे आपण शाळेत बघितलंय, फुंकर मारून. मग टाकीत पोचेपर्यंत चुना मरून जाणार नाही का?

दक्षिणवारा, मडगाव (३ मे)

उत्तर आकड्यांत देतो, म्हणजे मनातली भीती जाईल.

१ लिटर निवळी बाहेर गेली की १ लिटर हवा आत येते, त्याहून जास्त नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण ४२० भाग. म्हणजे १ लिटर हवेत ०.०१७ मिलिमोल. संपृक्त निवळीच्या १ लिटरमध्ये चुना २० मिलिमोल. हजारातला एक भागसुद्धा मरत नाही. बंद खोलीत माणसं असली आणि हे प्रमाण दुप्पट झालं तरी फरक पडणार नाही.

फुंकर मारतो तेव्हा निवळी लगेच दुधाळ होते, कारण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड साधारण ४ टक्के, बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट असतो. हवानळीच्या टोकावर मात्र पांढरी खपली धरेल. आठवड्याला व्हिनेगरमध्ये बुडवली की निघून जाते.

माटोळी, डिचोली (४ मे)

चुना कुठला वापरता? आजीच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतींना अजून शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा आहे, इतकी वर्षं झाली तरी दगडासारखा घट्ट. तिसऱ्या-खुब्यांची टरफलं तर आमच्याकडे परसात ढिगाने पडतात. भाजून घरीच चुना करता येईल का? शेवटी शिंपलं समुद्रातूनच आलेलं, परत समुद्राच्या पाण्यातच जाईल, ही कल्पना मला फार आवडली.

दक्षिणवारा, मडगाव (४ मे)

कल्पना सुंदर आहे, पण कृपया करू नका. शिंपल्याचा कळीचा चुना व्हायला ८५०-९०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, चुलीवर ते सगळीकडे सारखं मिळत नाही. आणि जेवढा भाग कळीचा चुना झाला असेल त्यावर पाणी पडलं की तो उकळून उडतो. डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान. शिवाय भट्टीची राख त्यात मिसळलेली असते, राखेत फॉस्फेट.

पानाचा चुनाही नको. तो खाण्यापुरता ठीक, पण त्यात काय मिसळलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं. प्रयोगशाळेच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. अर्ध्या किलोची बाटली या टाकीला वर्षभर पुरून उरेल. उघडल्यावर झाकण घट्ट लावा, नाहीतर हवा लागून त्याचा हळूहळू कार्बोनेट, म्हणजे नुसता खडू होतो.

आंबोशी, फोंडा (५ मे)

खारवादादा, टणक प्रवाळ नाहीत हे तुम्ही आधीच लिहिलंत ते बरं केलंत. नवीन वाचणाऱ्यांसाठी कारणही लिहून ठेवते. रीफ बांधणारे टणक प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे कायद्याने वाघाइतकंच संरक्षण. ग्रांदी बेटाजवळ डायव्हिंगला जाऊन "एक छोटा तुकडा" आणणारी माणसं मी पाहिली आहेत. तो गुन्हा आहे, आणि तुकडा घरी जगतही नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चिमटा सुटण्याचा. माझ्या मते तुम्ही निवळी फार दाट घालताय. रोज खप ०.६ डीकेएच, पाणी १६० लिटर, म्हणजे ३४ मिलिइक्विव्हॅलंट (अल्कलिनिटीची एकूण मात्रा मोजायचं एकक). संपृक्त निवळीच्या लिटरमध्ये साधारण ४१. तेव्हा तुम्हाला रोज ८४० मिली पुरते. पण मेमध्ये टाकीतून पाणी किती उडतं? ते मोजलंय का?

खारवा, पर्वरी (६ मे)

ताई, नव्हतं मोजलं. संपच्या काचेवर पेनने रेघ मारून दोन दिवस मोजलं. पंखा चालू असतो, दिवसाला २.२ लिटर उडतं. आतापर्यंत ८४० मिली निवळी ड्रिपने आणि बाकीचं साधं आरओचं पाणी तांब्याने घालत होतो.

आंबोशी, फोंडा (६ मे)

मग सगळंच पाणी गराफांवातून जाऊ दे, फक्त पातळ करून. ८४० मिली निवळीत चुना सव्वा ग्रॅमच असतो, कारण लिटरला दीड ग्रॅमच्या वर तो विरघळतच नाही (गरम पाण्यात आणखी कमी, साखरेच्या उलट). तेवढाच चुना २.२ लिटरमध्ये विरघळवा. म्हणजे ५ लिटरच्या गराफांवाला २.८ ग्रॅम. पूर्ण विरघळतो, तळाला गाळ नाही, नळी कमी तुंबते, आणि थेंब मिनिटाला १२ ऐवजी ३० पडतात. चिमटा जेवढा जास्त उघडा तेवढा तो स्थिर राहतो, अगदी चिमटलेला असला की जरा धक्क्याने बदलतो.

आणि समजा रात्री सगळा गराफांव रिकामा झाला, तरी टाकीत २.८ ग्रॅमच चुना जाणार. अल्कलिनिटी १.३ ने वाढेल. चांगलं नाही, पण टाकी मरणार नाही. संपमध्ये ५ लिटर जादा मावतात ना ते मात्र आजच बघा.

छोटा सोनारी काटा घ्या. चमच्याचा अंदाज इथे चालत नाही, दाबून भरला की दीडपट होतो.

खारवा, पर्वरी (१५ मे)

झालं. नऊ दिवस चालू आहे, म्हणून आता नीट लिहितो.

गराफांव टाकीशेजारच्या कपाटावर. बुचातून दोन ताठ प्लास्टिकच्या नळ्या. निवळी नेणाऱ्या नळीचं आतलं टोक तळापासून ४ सेंटिमीटर वर, हवानळीचं टोक ६ सेंटिमीटर वर. दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब वळवली, कारण पहिल्या दिवशी हवेचे बुडबुडे सायफनमध्ये शिरून धार तुटत होती. बाहेरच्या बाजूला सलाईन सेट जोडला, चिमटा त्याचाच. शेवटचं टोक संपमध्ये, पाणी परत वर टाकीत चढवणाऱ्या परतीच्या पंपाजवळ, पाण्यापासून ३ सेंटिमीटर वर. पाण्यात बुडवलं तर मीठ चढून टोक बंद होतं.

सायफन सुरू करायला सिरिंज वापरतो. तोंडाने ओढायचा मोह होतो. कुणीही ओढू नये. संपृक्त निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो, घसा भाजतो. भरताना हातमोजे आणि चष्मा घालतो, आणि मुलीला गराफांव दाखवून समजावून सांगितलंय.

बूच हवाबंद आहे का हे ओळखायची खूण: हवानळीवर बोट दाबून धरायचं. थोड्या वेळात थेंब थांबले पाहिजेत. माझे थांबत नव्हते. बुचाच्या कडेला सिलिकॉन लावल्यावर थांबले.

थेंब सकाळी ३१, रात्री ३०. नवव्या दिवशी अल्कलिनिटी ८.१, कॅल्शियम ४१५. पहाटेचा पीएच ७.९ असायचा तो ८.१ झाला. सगळा खर्च, गराफांव घरचा धरून, ४०० रुपयांच्या आत, चुना वेगळा.

एकच कोडं आहे. दुपारी १ ते ३ मध्ये थेंब अचानक ४५ पर्यंत जातात आणि हवानळीत पाणी चढलेलं दिसतं.

निवटी, सावंतवाडी (१५ मे)

कपाट पश्चिमेच्या खिडकीजवळ आहे का?

खारवा, पर्वरी (१५ मे)

हो.

निवटी, सावंतवाडी (१६ मे)

मग ऊन लागतंय. गराफांवात ३ लिटर हवा असेल आणि ती ५ अंशांनी तापली तर ५० मिली फुगते. ती जागा निवळीला ढकलून घेते, थोडी हवानळीत, थोडी टाकीत. गराफांव जितका रिकामा तितका हा प्रकार जास्त. आमच्याकडे कुक्कुटपालनात पाण्याची भांडी याच तत्त्वावर असतात, उन्हात ठेवली की थाळी भरून वाहते.

गराफांव सावलीच्या भिंतीला हलवा, नाहीतर जुन्या पद्धतीने पेंढ्याचं वेष्टण घाला. दोन्ही केलं तर उत्तम.

खारवा, पर्वरी (१९ मे)

हलवला. दुपारी आता ३३ च्या वर जात नाही. कोंबड्यांच्या भांड्याचं उदाहरण वाचून घरातल्या सगळ्यांना एकदम कळलं की मी काय बनवलंय.

माटोळी, डिचोली (२० मे)

वीज गेली की परतीचा पंप बंद, पण तुमची ड्रिप तर चालूच राहणार. स्थिर पाण्यात एकाच जागी चुना पडत राहील.

खारवा, पर्वरी (२१ मे)

बरोबर बोट ठेवलंत, मी याचा विचार केला नव्हता. मेच्या धारेने तासाला ३५ मिलीच्या आसपास संपृक्त निवळीइतका चुना जातो, चार तास वीज नसली तर १४० मिली, तोही एकट्या २५ लिटरच्या संपमध्ये. ज्या कप्प्यात थेंब पडतात तिथेच बॅटरीवरचा एअर पंप लावला, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. बुडबुड्यांनी पाणी हलतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही मिळतो. घरी कुणी असेल तर सरळ चिमटा बंद.

खारवा, पर्वरी (८ जुलै)

दीड महिन्याने परत आलोय, कारण पावसाने सगळा हिशोब बदलला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून हवेत इतका ओलावा आहे की कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि टाकीचं पाणीही उडेना. २.२ लिटरवरून दिवसाला ६०० मिली. खप मात्र तोच. आता निवळी पूर्ण संपृक्त करून घातली तरी ६०० मिलीत २५ च मिलिइक्विव्हॅलंट बसतात, लागतात ३४. दोन आठवड्यांत अल्कलिनिटी ८.२ वरून ६.९ वर आली. जास्त निवळी घालावी तर टाकीचा खारटपणा उतरतो.

परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून मी हे सुरू केलं होतं. त्यांच्या घरात हीटर आणि कोरडी हवा. आपल्याकडे वर्षाचे चार महिने या पद्धतीला वरून झाकण बसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथे ठळकपणे लिहितोय: किनारपट्टीवर राहत असाल तर यंत्र बांधण्याआधी जुलैचं बाष्पीभवन धरून हिशोब करा.

व्हिनेगर मिसळलं तर निवळीत जास्त चुना विरघळतो असं वाचलं. घरात माडाचं व्हिनेगर आहे, ते चालेल?

दक्षिणवारा, मडगाव (८ जुलै)

माडाचं व्हिनेगर स्वयंपाकालाच ठेवा. त्यात सुरेतले इतर सेंद्रिय पदार्थ असतात, टाकीत गढूळपणा येईल. पांढरं, रंगहीन व्हिनेगर लिटरला १२ मिली घातलं तर चुना साधारण पाव पट जास्त विरघळतो. पण त्यातला अॅसिटेट जिवाणू खातात, त्यांची वाढ होते, प्राणवायू खर्च होतो. पावसाळ्यात वीज जात असताना मी तो धोका घेणार नाही.

तूट फक्त ९-१० मिलिइक्विव्हॅलंटची आहे. ती दोन बाटल्यांनी भरा. एका बाटलीत १ लिटर आरओ पाण्यात ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे). दुसरीत १ लिटरमध्ये १४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. रोज सोड्याचे १० मिली, आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या जागी क्लोराइडचे ५ मिली. दोन्ही एकत्र ओतले तर जागच्या जागी खडू तयार होईल. क्लोराइड विरघळताना पाणी तापतं, हळूहळू घाला.

आंबोशी, फोंडा (९ जुलै)

सरांच्या सांगण्यात एक भर. क्लोराइडचं पाकीट फोडलं की सगळं त्याच दिवशी विरघळवून टाका. मी मागच्या जुलैत अर्धं पाकीट बरणीत ठेवलं होतं, आठ दिवसांत त्याचं बरणीतच पाणी झालं. मग त्यात किती क्लोराइड आणि किती पाणी हे कसं ओळखणार?

आणि खारवादादा, ६.९ वरून एकदम ८ वर नेऊ नका. दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त नको.

खारवा, पर्वरी (२३ जुलै)

अल्कलिनिटी ७.९, कॅल्शियम ४१०. गराफांवात आता २ लिटरच संपृक्त निवळी भरतो, आदल्या रात्री ढवळून, वरचं स्वच्छ पाणी ओतून. मिनिटाला ८ थेंब. इतक्या कमी धारेला चिमटा रोज सकाळी तपासावा लागतो, पण दुपारचा फुगवटा राहिला नाही, ऊनच नाही. सोडा सकाळी, क्लोराइड शाळेची बस गेल्यावर.

एप्रिलमध्ये मेलेल्या हॅलिमेडाच्या जागी दगडाच्या फटीतून दोन हिरवी पानं आली आहेत. मुलीने पहिल्यांदा पाहिली.

निवटी, सावंतवाडी (२३ जुलै)

वाचून बरं वाटलं. मीही मोठी बरणी आणून ठेवलीय. बुचातल्या भोकाचा व्यास किती घेतलात?

खारवा, पर्वरी (२४ जुलै)

नळी ६ मिलिमीटर, भोक ५. साबणाचं पाणी लावून, फिरवत फिरवत आत घाला, सरळ दाबू नका.